जन्मजात शाबासकी

ती आमच्या क्लबात पहिल्यांदा आली तेव्हा अजून पळालीसुद्धा नव्हती. वाकून बुटाची नाडी बांधत होती. कुणीतरी विचारलं, कुठली तू? ती म्हणाली, फिनलंडची. आणि आमच्या क्लबातले सगळे गोरे पुरुष एका सुरात म्हणाले, "ओहो! फ्लाइंग फिन!"

झालं. पडलं नाव. एक पाऊल न उचलता. मी शेजारीच उभी होते. साउथहॅम्प्टनच्या त्याच कॉमनवर, म्हणजे शहरातल्या मोकळ्या माळावर, त्याच चिखलात, कित्येक वर्षं दर शनिवारी पळत आलेली. आणि मला तोवर कुणी काहीही म्हटलेलं नव्हतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या अजून झोंबतायत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोलले तर तुम्ही फसणार नाही.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, हे काय प्रकरण आहे. तो बंदरावरच्या कंटेनरांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि रविवारी दुपारी सोफ्यावर पडून गाड्यांच्या शर्यती बघतो. त्याचे डोळे चमकले.

"तुला माहीत नाही? अगं, लेगसी आहे ती! शंभर वर्षांपूर्वी त्यांचे रनर होते, ऑलिंपिकमध्ये मेडल्सच मेडल्स. एकाला म्हणाले फ्लाइंग फिन, मग त्याच्या मागून आला त्यालाही तेच. मग रॅलीवाले आले. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी उडवतात, लिटरली उडवतात, चारही चाकं हवेत. मग फॉर्म्युला वनवाले. सगळे फ्लाइंग फिन. एकच नाव, होल कंट्रीला!"

"आणि जो स्लो आहे त्याचं काय?"

"कोण?"

"फिनलंडमधला एखादा स्लो माणूस. बँकेत बसणारा, पोट सुटलेला. त्याला काय म्हणतात?"

त्याने खरंच विचार केला. "तो गाडीत बसला की त्यालाही तेच म्हणत असतील," तो म्हणाला, आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

मी मनातल्या मनात एकच आशा धरून होते: नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा निघावा. पुढच्या शनिवारी ती पळाली. वाळा सोन्याचा होता. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा आला नाही. माझा आवाज मात्र तळ्याकाठच्या बदकांनी ऐकला असेल. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, उंच, आणि समुद्राच्या तळाच्या चिखलावर संशोधन करणारी. हसायची क्वचित. बोलायची त्याहून क्वचित. इथे मी हसून हसून गालफडं दुखवून घेतली, हवामानावर बोलायला शिकले, तेव्हा कुठे लोक मला कॉफीला बोलवायला लागले. ती गप्प बसली तर म्हणायचे, किती शांत आहे ना, फिनिश लोक असेच असतात. मी गप्प बसले की विचारायचे, बरं नाही का तुला?

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर पळायला लागले, कारण पाठ धरली होती आणि डॉक्टर मैत्रीण म्हणाली की औषधं तूच वाटतेस, निदान स्वतः तरी घेऊ नकोस. मग पळणं अंगात भिनलं. चाळिशी ओलांडल्यावर मी क्लबातली सगळ्यात वेगवान बाई झाले, हे मी नागपूरला आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता काय गरज आहे पळायची? कोण मागे लागलंय?"

शरद ऋतूत न्यू फॉरेस्टच्या कडेला आसपासच्या क्लबांची एक रिले शर्यत असते. चार बायकांची टीम. प्रत्येकीने जंगलातून, मग माळावरून एक फेरी मारून यायचं आणि पुढचीच्या हातावर टाळी द्यायची. शेवटची फेरी मानाची. कारण एक म्हातारे गृहस्थ उघड्या व्हॅनच्या मागच्या बाजूला माइक घेऊन बसलेले असतात आणि शेवटची बाई जंगलातून मैदानात आली की तिचा पुकारा करतात. ते वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मी त्यांना मनात माइककाका म्हणते. नेहमीच्या प्रत्येक पळणारीला त्यांनी काही ना काही नाव ठेवलंय. शेजारच्या क्लबातली एक लोकरीचं दुकान चालवणारी सत्तरीची आजी आहे, ती 'रॉकेट'. एक शाळामास्तरीण आहे, आमचीच कॅप्टन, ती 'सार्जंट'. ही नावं ऐकली की मैदानभर लोक ओरडतात, घंटा वाजवतात.

मी इतकी वर्षं शेवटची फेरी पळले. दर वर्षी मैदानात शिरताना माझे कान त्या भोंग्याकडे. आणि माइककाका दर वर्षी माझं पहिलं नाव अर्धं उच्चारून ठेचकाळायचे आणि म्हणायचे, "...अँड हिअर कम्स अवर लव्हली लेडी फ्रॉम द फार्मसी!" लव्हली लेडी. जशी काही मी खोकल्याचं औषध घेऊन पळतेय. मला मेडल नको होतं. मला त्या भोंग्यातून नाव ऐकायचं होतं, माझ्या पायांनी कमावलेलं, जे ऐकून घंटा वाजतील. माणसाला एवढीशी गोष्ट इतकी हवी कशी असू शकते, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे.

माझे आजोबा पळायचे. हौस म्हणून नाही. वर्ध्याकडच्या आमच्या गावात गावकीची कामं आमच्या जातीकडे होती, आणि त्यातलं एक म्हणजे मर्तिकाचा सांगावा पोचवणं. गावात कुणी मेलं की त्याच्या पाहुण्यांच्या गावोगाव निरोप घेऊन आजोबा निघायचे. उन्हातान्हात, अनवाणी. प्रेत ताटकळायला नको म्हणून पळत. निरोप द्यायचा तोही उंबऱ्याबाहेरून, दुरून. आत्या सांगायची की त्यांच्यासारखं पळणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्यांना कुणी 'उडता' म्हटलं नाही. जातीच्या नावाने हाक मारायचे आणि आधी 'ए' लावायचे. वडिलांनी धम्म स्वीकारल्यावर जात सांगणारं जुनं आडनावही टाकून दिलं आणि नवं घेतलं, स्वतः निवडून. तेच मी लग्नानंतरही ठेवलंय.

तेव्हा जन्माबरोबर नाव चिकटतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. फक्त माझी समजूत अशी होती की असं चिकटणारं नाव म्हणजे शिवीच असते. जन्मजात शाबासकीही असते, ती आख्ख्या देशाला मिळते, पाळण्यातल्या पोरापासून पोट सुटलेल्या बँकवाल्यापर्यंत, हे मला त्या कॉमनवर नाडी बांधणाऱ्या बाईकडे बघून कळलं. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अन्याय झाला म्हणून नव्हे. मला ते हवं होतं म्हणून.

त्यात वेलचीचं प्रकरण झालं. शनिवारी पळून झालं की कुणीतरी खाऊ आणतं. मी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला शंकरपाळी न्यायची, वेलची घालून, घरी कुटलेली. लोक खायचे. "दोज लिटल बिस्किट्स" म्हणायचे. ती एकदा गोड पाव घेऊन आली, वेणीसारखे वळलेले, आजीच्या कृतीचे. पहिला घास घेताच कॅप्टनने डोळे मिटले.

"व्हॉट इज दॅट स्पाइस?"

"कार्डमम," फिन म्हणाली.

"सो नॉर्डिक!" कॅप्टन म्हणाली.

मी म्हटलं, वेलची आमच्याकडे पिकते, तिकडे बर्फात नाही. सगळ्यांनी नम्रपणे माना हलवल्या आणि आणखी एकेक पाव उचलला. मीही उचलला. दुर्दैवाने फार चांगला होता.

मग शर्यतीच्या आधी कॅप्टनने मला कार पार्कमध्ये गाठलं. खांद्यावर हात ठेवला. इथे कुणी खांद्यावर हात ठेवला की समजायचं, काहीतरी काढून घेतायत. म्हणाली, या वर्षी शेवटची फेरी फिनला द्यावी म्हणते, तू तिसरी पळ, आपल्याला जिंकायचा चान्स आहे. "यू डोंट माइंड, डू यू?" या प्रश्नाचं इंग्लंडमध्ये एकच उत्तर असतं. ते मी दिलं.

घरी भांडी आपटली. नवऱ्याने कारण विचारलं, मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "पण लॉजिकली बघ ना, फास्टेस्ट रनर लास्टलाच ठेवतात. स्ट्रॅटेजी आहे ही."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"टीमच्या."

"मग टीमकडेच जेवायला जा."

तो बिचारा हसला, मला हसू आलं नाही. माझं तिसऱ्या फेरीत पळणं हा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या फेरीचा पुकारा होत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आता तो भोंगा तिच्यासाठी वाजणार, आणि नाव तर तयारच होतं.

शर्यतीच्या दिवशी बारीक पाऊस होता, तो इथे असतो तसा, पडतोय की लटकतोय ते कळू न देणारा. पहिली फेरी सुरू झाल्यापासून माइककाकांनी धोशा लावला होता. थांबा मंडळी, शेवटच्या फेरीला एक खास पाहुणी आहे, अस्सल फ्लाइंग फिन! लोक माना वर करून बघत होते. मी कुंपणापाशी पाय ताणत होते आणि दात आवळत होते.

दुसरी फेरी चालू असताना ती वॉर्म-अप करायला माळावर गेली आणि सशाच्या बिळात तिचा पाय गेला. कुणी किंचाळलं नाही. ती लंगडत आली, खाली बसली आणि म्हणाली, "मी पळू शकत नाही." जणू बस चुकली आहे. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. आधी आनंद झाला, मग मी तिच्यासाठी बर्फ शोधायला पळाले.

कॅप्टनने घाईघाईने ठरवलं: तिसरी फेरी ती स्वतः पळणार, शेवटची मी. बोलता बोलताच ती सुरुवातीच्या रेषेकडे धावली. माइककाकांना कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. टीमचा नंबर तोच, क्लबची हिरवी बनियन तीच.

कॅप्टनने माझ्या हातावर टाळी दिली तेव्हा आम्ही चौथ्या होतो. जंगलात मी एकीला गाठलं. माळावर वारा तोंडावर येत होता, पाय जड झाले होते, पुढे लाल बनियनवाली एक दिसत होती आणि ती हातची जाणार अशी लक्षणं होती. आणि मी झाडांमधून मैदानात शिरले. भोंगा खरखरला.

"अँड हिअर शी कम्स, इन द ग्रीन, लेडीज अँड जेंटलमेन, द फ्लाइंग फिन!"

मैदान उठलं. घंटा वाजायला लागल्या. छत्र्या हलायला लागल्या, अनोळखी माणसं कुंपणावरून वाकून ओरडत होती. फ्लाइंग फिन! फ्लाइंग फिन! ते मला नव्हतं हे मला ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं. थकवा कुठे गेला कळलं नाही. मी लाल बनियनवालीच्या पाठीवर नजर ठेवली आणि तिला असं मागे टाकलं की माझं मलाच नवल वाटलं. लोक आपलं नाव घेतात तेव्हा असं होतं तर. हे त्या फिन लोकांना दर वेळी होतं. शंभर वर्षं होत आलंय.

मग मी जवळ आले. माइककाकांनी बहुधा चष्मा पुसला. भोंगा गप्प झाला. ओरडणंही विरत गेलं, जसजशी मी एकेका घोळक्यासमोरून गेले तसतसं. नागपूरची सावळी, बुटकी, पंचेचाळिशीची बाई. आणि माइककाका म्हणाले, "वेल! फिनलंडमध्ये या वर्षी ऊन जरा जास्तच पडलेलं दिसतंय!"

मैदान हसलं. चांगलं मोकळं हसलं. मी त्या हसण्यातून रेषेपर्यंत पळत गेले. आम्ही दुसऱ्या आलो. रेषेवर पोचून गुडघ्यांवर हात टेकले तेव्हा मीही हसत होते. सवय आहे तोंडाला.

क्लबातली सगळी धावत आली. मिठ्या मारल्या. कॅप्टन म्हणाली, "तू आमची नवी फ्लाइंग फिन!" दुसऱ्या कुणी म्हटलं, हिच्या बनियनवर छापूनच घेऊ. सगळ्यांना कल्पना फार आवडली. ते मनापासून बोलत होते, त्यांच्यात खोट नव्हती. आणि खरं सांगते, मी 'नको' म्हटलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कुणीतरी हातात देत होतं. उसनं का होईना. मनात मी बनियन घालूनही बघितली.

फिन खुर्चीवर पाय वर ठेवून बसली होती. घोट्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी, मीच आणलेली. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "छान पळालीस." मग नेहमीच्या सपाट आवाजात, "ते नाव तू घेतलंस तरी चालेल. मला ते कधी आवडलं नाही."

ती चांगुलपणानेच बोलली. पण माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी मी रात्रंदिवस जळत होते ते तिला जड झालं होतं. पोट भरल्यावर ताट बाजूला सारावं तसं तिने ते माझ्याकडे सारलं. आमच्या घरात माझ्या आजीने गावाचं उष्टं आणणं एका दिवसात बंद केलं होतं, घरात पोरं उपाशी असताना. आणि मी, पगारदार, पासपोर्टवाली, ते ताट जवळ ओढायला निघाले होते.

"थँक्यू," मी तिला म्हटलं, "पण नको."

व्हॅनकडे चालत गेले. माइककाका वायरी गुंडाळत होते. मला बघताच त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं का, माझा तसा हेतू नव्हता.

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण मी शेवटची फेरी पळाले. माझा पुकारा राहिलाय."

"आता?"

"आता."

"काय म्हणू?"

"माझं नाव. पूर्ण. आडनावासकट."

नवरा घडीच्या खुर्च्या गाडीत भरत होता, तो दुरून हाताने 'जाऊ दे ना' अशी खूण करत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माइककाकांनी माइक पुन्हा जोडला. भोंगा खरखरला. त्यांनी पहिलं नाव घेतलं आणि नेहमीच्या जागी ठेचकाळले. मी सावकाश सांगितलं. त्यांनी पुन्हा घेतलं, या वेळी आडनावाचं वाटोळं केलं. कपाळावर घाम आला होता त्यांच्या, बिचाऱ्यांच्या. मला त्यांची दया आली, पण मी तिथून हलले नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी ओठांनी आधी मुकाट्याने म्हणून पाहिलं आणि मग मोठ्याने म्हणाले, आणि माझ्या वडिलांनी निवडलेलं आडनाव न्यू फॉरेस्टच्या त्या मैदानावरून, तंबूंवरून, पलीकडे चरणाऱ्या घोड्यांवरून अख्खंच्या अख्खं गेलं.

मैदान जवळपास रिकामं झालं होतं. नवरा खुर्ची हातात धरून तसाच थांबला होता. टाळ्या एकाच माणसाने वाजवल्या. फिन, एक पाय अधांतरी, मटारची पिशवी खाली पडलेली, मनापासून टाळ्या वाजवत होती.

मी तिच्याकडे बघून मान हलवली. मला बरं वाटत होतं, आणि पोटातली आग तसूभरही कमी झालेली नव्हती. मला माझं नाव व्हॅनपाशी उभं राहून तीनदा सांगावं लागलं होतं. तिचं नाव तिच्या आधी शंभर वर्षं या देशात येऊन तिची वाट बघत बसलं होतं.